जमिनीत पुरलेलं बाहेर येतं कसं?

(सामुदायिक रेडिओवरच्या भाषणावरून)



2025 च्या पावसाळ्यात कर्नाटकातल्या धर्मस्थळाच्या बातम्या टीव्हीवर रोज लागत होत्या. एक माणूस पुढे आला आणि म्हणाला, मी अनेक प्रेतं पुरली आहेत, जागा दाखवतो. मग खोदकाम, पोलिस, जेसीबी, गर्दी. तेव्हापासून बचत गटांच्या बैठकांत हा विषय निघाला की बायका एकच विचारतात. एवढी मोठी जमीन, एवढं रान, त्यात नेमकी जागा पोलिसांना कळते कशी? आणि कुणी खबर दिली, तर तेवढ्यावर ते खणायला लागतात का?

आज त्याबद्दल बोलू. विषय ऐकायला जड आहे, मला माहीत आहे. पण बाई नाहीशी झाली की तिच्या घरच्यांना काय भोगावं लागतं हेही तुम्हाला माहीत आहे. म्हणून बोलायचं.

आधी एक गैरसमज काढू. सिनेमात फोन येतो, आवाज येतो, 'वडाखाली खणा', आणि वडाखाली प्रेत सापडतं. खरी खबर अशी क्वचितच असते. तिच्यात प्रेताचा शब्दसुद्धा नसतो. ती असते अशी: त्या माणसाने पावसाळ्याच्या तोंडावर खड्डा का घेतला? तिचा फोन त्याच्याकडे कसा? गाडी विकली का, आणि इतक्या लांब का विकली? बघणाऱ्याला त्यात फारसं काही वाटत नाही. पण अशा दोन-तीन गोष्टी एका कागदावर आल्या की पोलिसांचं बोट एका जागेवर जाऊन थांबतं.

वाईचं उदाहरण घेऊ. खंबाटकी ओलांडली, सुरूरहून आत वळलं की वाई. तिथून धोम जवळच, कृष्णेवरचं धरण आहे तिथे. 2016 च्या जूनमध्ये, 16 तारखेला, वाईच्या मंगला जेधे पुण्याला जायला म्हणून घरून निघाल्या. अंगणवाडी सेविका, संघटनेच्या पुढारी, चारचौघांत उठून बोलणाऱ्या. त्या पुण्याला पोहोचल्याच नाहीत. घरच्यांनी तक्रार दिली. दोन महिने होत आले तेव्हा, 11 ऑगस्टला, धोमचा संतोष पोळ याला पोलिसांनी अटक केली. तो स्वतःला डॉक्टर म्हणवायचा, गावात त्याचा दवाखाना होता. त्यानंतर धोममधल्या त्याच्या जागेत, कोंबड्यांच्या शेडजवळ, जेधेबाईंचं प्रेत निघालं. आणि मग एकामागून एक आणखी चार. पोलिसांनी एकंदर सहा खुनांचा आरोप ठेवला. पाच बायका, एक पुरुष. त्यांतली पहिली बाई 2003 साली नाहीशी झाली होती. एका बाईचं प्रेत पाण्यात टाकलं, म्हणून ते मिळालं नाही, असं पोलिसांचं म्हणणं. गुन्हा शाबीत करणं कोर्टाचं काम, म्हणून मी पोलिसांनी सांगितलं तेवढंच सांगते आहे.

आता बघा, धोमपर्यंत वाट कशी गेली. मंगलाबाईंचा फोन. त्या फोनचा माग पोळकडे काम करणाऱ्या परिचारिकेपर्यंत पोहोचला. तिला विचारलं, ती बोलली. पुढे ती माफीची साक्षीदार झाली. म्हणजे सगळ्यात मोठी खबर एका वस्तूने दिली, जी जिथे असायला नको होती तिथे होती.

आणि दुसरं. पोलिसांनी त्या वेळी सांगितलं की खड्डे आधीच घेऊन ठेवलेले असायचे, झाडं लावायची म्हणून. वर नारळाची रोपं लावली जायची. आता सांगा, आपल्याकडे माणूस नारळासाठी खड्डा घेतो त्याला कुणी काय विचारणार? उलट कौतुकच करणार. तेरा वर्षं लोक त्या जागेवरून गेले-आले. मी शेजाऱ्यांना दोष देत नाही. खड्डा आणि नाहीशी झालेली बाई या दोन गोष्टी दोन वेगळ्या घरांना माहीत होत्या, आणि त्या एकत्र कुठे आल्या नाहीत. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त हेच टोचतं. आधीच्या बायकाही 'मिसिंग' म्हणून नोंदलेल्या होत्या. वेगवेगळ्या वर्षांतल्या, वेगवेगळ्या पानांवर. आणि बाई नाहीशी झाली की गावात पहिलं वाक्य काय येतं? 'गेली असेल कुणाबरोबर.' या एका वाक्याने जेवढा तपास थांबतो तेवढा कुठल्याच आरोपीने थांबवला नसेल.

बरं, समजा अशी एखादी खबर आपल्या मुळशीत आली. कुणीतरी पौडच्या पोलिस ठाण्यात सांगितलं की ताम्हिणीच्या बाजूला एका बंद बंगल्याच्या मागे काहीतरी पुरलेलं आहे. एवढंच. पोलिस काय करतील? हा माझा अंदाज, पण अंदाजाला आधार आहे.

ते लगेच कुदळ घेऊन निघणार नाहीत. आधी हिशेब मांडतील. त्या बंगल्याशी कुणाचा संबंध होता, त्या सुमाराला त्यांच्यातलं कोण नाहीसं झालं, त्या माणसाचा फोन शेवटी कुठल्या टॉवरला लागला. आपल्याकडे डोंगरात रेंज जाते, त्यामुळे शेवटचा टॉवर आणि तिथून पुढचा रस्ता यावरच बरंच अवलंबून राहतं. मग गाडी. मेलेलं माणूस फार जड असतं. एकट्या-दुकट्याला ते उचलून डोंगर चढता येत नाही. त्यामुळे गाडी जिथपर्यंत जाते तिथून फार लांब शोधायची गरज सहसा पडत नाही. ज्या रस्त्याला रात्री फाटक लागतं तो रस्ता वगळता येतो.

मग माती. हे तर तुम्हाला पोलिसांपेक्षा जास्त कळतं. आपल्या उतारांवर वर बोटभर माती, खाली मुरूम, आणि मुरमाखाली खडक. तिथे हाताने चार फूट खड्डा घ्यायचा म्हणजे दोन माणसांचा दिवस जातो. रात्रीतून घाईत ते होत नाही. म्हणून खणणारा मऊ जागा बघतो. भातखाचर, ओढ्याकाठची गाळाची जागा, भराव टाकलेला प्लॉट. नाहीतर आधीच असलेला खड्डा वापरतो. पडकी विहीर, शोषखड्डा, संडासाची जुनी टाकी, पाइपलाइनचा चर. किंवा मग जेसीबी बोलावतो. आणि जेसीबी आला म्हणजे साक्षीदार आला. तो तासावर येतो, त्याचा चालक असतो, पैसे फोनवरून दिले असतील तर त्याची नोंद असते. घाईत, अवेळी, विनाकारण मागवलेला जेसीबी चालकाच्या चांगला लक्षात राहतो.

खणलेली जमीन पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. शोषखड्डा खणून बुजवला आहे ना कुणी? मग आठवा. मुरूम वर येतो, काळी माती खाली जाते, रंग मिसळतो. सुरुवातीला वर उंचवटा दिसतो. एक पावसाळा गेला की तीच जागा खचते, पाणी धरते. उन्हाळ्यात तिच्या कडेने भेग पडते. मोडलेल्या जागेत तण आधी येतं, टाकळ्यासारखं, आणि भोवतालचं जुनं गवत तिथे नसतं. कुठे झाड एकदम जोमाने वाढतं, कुठे काहीच नीट धरत नाही. चार-पाच वर्षांनी हे डोळ्यांना दिसेनासं होतं. तेव्हा उपग्रहाची जुनी छायाचित्रं काढून बघतात. अमक्या वर्षी इथे गवत होतं, पुढच्या वर्षी उघडी माती, मध्ये काय झालं?

वास घेणारे शिकवलेले कुत्रे आणतात. लोखंडी सळई जमिनीत घालून कुठे सहज जाते ते बघतात. जमिनीत लहरी सोडणारं एक यंत्रही असतं, धर्मस्थळला ते आणलं होतं. त्यात हाडं दिसत नाहीत हो, टीव्हीवाले काहीही सांगतात. आतले थर कुठे मोडलेत एवढंच ते दाखवतं. आणि ओल्या चिकण मातीत त्याचं फारसं चालत नाही. म्हणजे आपल्या पावसाळ्यात ते यंत्र जवळजवळ निकामीच. तेव्हा त्या यंत्रापेक्षा 'मागच्या मिरगाला इथे खड्डा नव्हता' असं सांगणारी बाई जास्त कामाची.

एक गोष्ट मात्र इथेच सांगून ठेवते. प्रत्येक उंचवटा संशयाचा नसतो. तान्ह्या बाळाला पुरण्याची रीत कित्येक घरांत आहे. काही समाजांत मोठ्या माणसांनाही पुरतात. आणि मेलेला बैल, गाय तर आपण पुरतोच. असं खणून बैलाची हाडं निघाल्यावर सगळे घाम पुसत घरी जातात. हाड माणसाचं की जनावराचं हे डॉक्टर बघून सांगतात. आपण ठरवायचं नाही आणि आपण उकरायचंही नाही. काही दिसलं तर तिथून मागे सरायचं. बांगडीचा तुकडा, पोतीचा मणी, बटण, हे सगळं पुरावा असतं आणि ते जिथे पडलंय तिथेच त्याला किंमत असते. सरकारी खोदकामात माती थर-थर काढतात आणि चाळतात, आपण रवा चाळतो तशी. तिथे तहसीलदार किंवा दुसरे कार्यकारी दंडाधिकारी हजर असावे लागतात, कारण पुरलेलं प्रेत बाहेर काढण्याचा हुकूम दंडाधिकारी देतात. नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, हे कलम 196 मध्ये आहे. डॉक्टर, पंच, फोटो काढणारा, सगळे लागतात.

आता कायद्याची एक गंमत, गंमत म्हणावं की नाही कळत नाही, पण समजून घेण्यासारखी आहे. आरोपीने पोलिसांपुढे 'मी मारलं' असं कबूल केलं, तर ते कोर्टात चालत नाही. मारून कबूल करून घेतलं नाही कशावरून? पण त्याने सांगितलं 'अमक्या जागी पुरलंय', आणि तिथे खरंच सापडलं, तर त्या सापडण्याशी जोडलेलं तेवढं वाक्य कोर्ट ऐकतं. आधीच्या पुरावा कायद्यात हे कलम 27 होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमात कलम 23 आहे. जी गोष्ट फक्त करणाऱ्यालाच माहीत असू शकते ती त्याने दाखवली, असा त्याचा अर्थ. पोलिसांना ती जागा आधीच माहीत असेल, तर मात्र त्या दाखवण्याला वजन उरत नाही. म्हणून कोणती खबर कुठल्या तारखेला आली, हे कागदावर असणं फार महत्त्वाचं.

इगतपुरीचं प्रकरण असंच होतं. लैला खान ही सिनेमातली नटी आणि तिच्या घरचे, मिळून सहा जण, 2011 च्या फेब्रुवारीत नाहीसे झाले. तिच्या वडिलांनी मुंबईत तक्रार केली. कुणाला वाटलं दुबईला गेले, कुणाला काय. पुढच्या वर्षी त्यांची गाडी सापडली ती थेट जम्मू-काश्मीरमध्ये, किश्तवाडला. इगतपुरीच्या बंगल्याचा आणि किश्तवाडचा काय संबंध? संबंध होता, लैलाच्या आईचा नवरा परवेझ टाक तिकडचा. त्याला पकडलं. जुलै 2012 मध्ये त्याने दाखवलेल्या जागी, बंगल्याच्या आवारात, सहा सांगाडे निघाले. 2024 च्या मे महिन्यात मुंबईच्या सत्र न्यायालयाने त्याला फाशीची शिक्षा सुनावली. एका गाडीपासून हे इथवर आलं. आणि गाडीच्याही आधी, बापाने दिलेल्या तक्रारीपासून.

याच्या उलट गागोदेची गोष्ट. विनोबांचा जन्म झाला ते गागोदे, पेण तालुक्यातलं. तिथे गागोदे खुर्दच्या रानात 23 मे 2012 रोजी एक जळालेलं प्रेत सापडलं. पोलिस पाटलांनी पेण पोलिसांना कळवलं. म्हणजे गावाने आपलं काम चोख केलं. नमुने मुंबईला जे. जे. रुग्णालयात गेले, उरलेलं तिथेच पुरलं, आणि पुढे गुन्हा नोंदलाच गेला नाही. तीन वर्षं तिथे कुणी फिरकलं नाही. 2015 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत एक मोटारचालक पिस्तुलासह पकडला गेला, त्याच्या तोंडून गागोदेचं नाव आलं, आणि 28 ऑगस्टला ती जागा पुन्हा खणली. तेच शीना बोरा प्रकरण. सगळ्या देशाने पाहिलं, कारण माणसं बडी होती. खबर मात्र तीन वर्षांपूर्वीच आली होती. तिची नोंद झाली असती, तर नाहीशा झालेल्या तरुणींच्या यादीशी ती कुणीतरी ताडून पाहिली असती.

तर मग आपण खबर कशी द्यायची? इथे बायका कचरतात आणि ते बरोबरच आहे. उद्या तो माणूस गावातच राहणार, आपल्या पोरी त्याच रस्त्याने शाळेत जाणार. म्हणून हे ऐका. खबर कुठून आली हे सांगायची सक्ती पोलिसांवर करता येत नाही. साक्ष अधिनियमातलं कलम 131 तसं सांगतं. 112 ला फोन करता येतो. पोलिस पाटलांना सांगता येतं. पोलिस पाटीलच त्यात गुंतलेले वाटत असतील, तर थेट ठाण्यात किंवा वरच्या अधिकाऱ्याला पत्र. आणि हे सांगणं म्हणजे नसती उठाठेव आहे असं कुणी म्हणालं, तर त्याला नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 34 दाखवा. गावात प्रेत किंवा त्याचा भाग सापडला, संशयास्पद मृत्यू झाला, किंवा संशय यावा अशा रीतीने कुणी गावातून नाहीसं झालं, तर ते कळवणं पोलिस पाटलांसारख्या गावकामगारांचं कर्तव्य आहे, आणि गावात राहणाऱ्या प्रत्येकाचंही. प्रत्येकाचं म्हणजे आपलंही.

सांगताना पाहिलेलं आणि वाटलेलं वेगळं ठेवा. 'त्याने बायकोला मारून पुरलं असणार' ही खबर नव्हे, तो आपला तर्क. 'अमुक आठवड्यात, पंचमीच्या आधी, त्याने गोठ्यामागे खड्डा घेतला, आम्ही विचारलं तर म्हणाला शोषखड्डा, पण त्यावर पाइप आलाच नाही' ही खबर. तारीख आठवत नसेल तर सणावरून सांगा, लावणीवरून सांगा. बायकांना तारखा अशाच आठवतात आणि त्या पक्क्या निघतात.

आणि खोटी खबर? धर्मस्थळचंच पाहा. सरकारने विशेष तपास पथक नेमलं, त्या माणसाने दाखवलेल्या डझनभराहून जास्त जागा खणल्या, मोजक्या ठिकाणी काही अवशेष मिळाले, बऱ्याच ठिकाणी काहीच नाही. ऑगस्टमध्ये खोटी साक्ष दिल्याच्या आरोपावरून त्यालाच अटक झाली. खबर देणाऱ्याचीही झाडाझडती होते ती अशी. जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा न्यायसंहितेच्या कलम 217 खाली गुन्हा आहे. पण जाणूनबुजून, हा शब्द ध्यानात ठेवा. खऱ्या मनाने सांगितलं आणि खड्ड्यात बैल निघाला, तर त्यात गुन्हा नाही.

बाई नाहीशी झाली, तर चोवीस तास थांबा असा कुठलाही नियम नाही. त्याच दिवशी तक्रार द्या. अठरा वर्षांखालची असेल तर नुसती मिसिंग लिहून चालत नाही, अपहरणाचा गुन्हाच नोंदवावा लागतो, सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये तसं सांगितलेलं आहे. हद्दीचं कारण कुणी सांगितलं, म्हणजे हे पौडचं नाही, हिंजवडीचं आहे, हिंजवडी पिंपरी-चिंचवडकडे जातं, तर तेही ऐकून घेऊ नका. गुन्हा कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने नोंदवता येतो, मग ते कागद पुढे पाठवतात. नोंदीचा क्रमांक मागून घ्या.

तक्रारीत तिच्या अंगावरचे कपडे तर आपण लिहितोच. त्याबरोबर दागिन्यांची घडण लिहा, पायात जोडवी किती, हात मोडला होता का, सळई घातली होती का, कुठली दाढ काढली होती. जमिनीत कापड कुजतं, पण सळई आणि दात टिकतात. तिचे जुने एक्स-रे, दवाखान्याचे कागद पिशवीत घालून जपून ठेवा, घर आवरताना फेकू नका. ओळख पटवायला डीएनए लागतो आणि तो जुळवायला रक्ताचं नातं लागतं. आई, वडील किंवा तिची मुलं. आई म्हातारी असेल आणि तपास रेंगाळला असेल, तर तिचा नमुना वेळेत घ्यावा असा अर्ज तपास अधिकाऱ्याला देता येतो. साध्या कागदावर, दोन प्रतींत, एका प्रतीवर पोच घेऊन.